समारात सेकंडहँड ग्रान्टा घेताना

समारात, म्हणजे रशियातल्या या शहरात, गाडी घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘काहीही घे, पण ग्रान्टा नको’ असा. ग्रान्टा ही लाडाची, म्हणजे इथल्या देशी ब्रँडची, स्वस्त गाडी. सल्ला देणारा बहुतेक वेळा स्वतः ग्रान्टा चालवतच आलेला असतो. व्होल्गाकाठच्या या भागात लाडाला नावं ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कारखाना शेजारीच, तोल्यातीला. कुणाचे वडील तिथे होते, कुणाची आत्या अजून आहे, कुणी स्वतः दोन वर्षं काढून बाहेर पडलाय.

मी इथे औषधांच्या धंद्यात आहे. नोकरी फिरतीची. आज तोल्याती, उद्या सिझरान, मध्येच नोवोकुइबिशेव्स्क नाहीतर ओत्राद्नी. हॉस्पिटलं आणि औषधांची गोदामं गावाच्या एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला. लोकल आणि बसवर बरेच दिवस काढले, पण उणे वीसमध्ये सॅम्पलची पेटी छातीशी धरून बसस्टॉपवर उभं राहायची माझी हौस लवकरच फिटली. २०२३ च्या उन्हाळ्यात ठरवलं, या हिवाळ्याआधी गाडी घ्यायचीच.

लायसन्स आधीच काढून ठेवलं होतं. भारतीय लायसन्स हातात असेल तर इथे ड्रायव्हिंग स्कूलची सक्ती नाही, पण परीक्षा द्यावीच लागते. प्रश्नसंच ८०० प्रश्नांचा. त्यातले २० समोर येतात आणि वेळ २० मिनिटांची. गाडी चालवण्यापेक्षा त्या प्रश्नांची वकिली वळणाची रशियन भाषा समजून घेणं जड गेलं. शिवाय वैद्यकीय दाखल्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचे डॉक्टर, दोघांचे शिक्के लागतात. ते झालं.

बजेट सहा लाख रुबल, फार तर थोडं वर. रुबल आणि रुपया तेव्हा जवळपास बरोबरीत होते, त्यामुळे हिशोब मनात आपोआप रुपयांतच व्हायचा, आणि तो केला की वाईट वाटायचं. तेवढ्या पैशांत आपल्याकडे स्विफ्टचं साधं मॉडेल शोरूममधून नवं कोरं निघालं असतं. इथे ते चार-पाच वर्षं वापरलेल्या गाडीचे पैसे होते.

पूर्वी या बजेटात लोक ह्युंदाईची सोलारिस, कियाची रिओ किंवा रेनॉची लोगान घ्यायचे. सोलारिस आणि रिओ सेंट पीटर्सबर्गला तयार व्हायच्या. तो कारखाना मार्च २०२२ मध्ये थांबला. रेनॉने त्याच वर्षी मे महिन्यात रशिया सोडलं आणि जाताना लाडाच्या कंपनीतला आपला हिस्साही सोडला. मॉस्कोतल्या त्यांच्या कारखान्याला आता मॉस्कविच हे जुनं नाव परत मिळालंय. गाड्या रस्त्यावर आहेतच, सुटे भागही मिळतात, पण तिसऱ्याच देशातून फिरून येतात आणि किंमत तशीच फिरून येते. चिनी गाड्या रस्तोरस्ती दिसायला लागल्या होत्या, पण माझ्या खिशाला त्या परवडणाऱ्या नव्हत्या. उरली ग्रान्टा.

ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी मला त्यांच्या सासऱ्यांच्या स्वाधीन केलं. गृहस्थ तोल्यातीच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं अशी दोन्ही नावं घेऊन हाक मारायचे आणि ते मला ‘दोच्का’, म्हणजे पोरी, म्हणायचे. इथे आपलं आजोबाच म्हणते. त्यांनी पहिल्याच फोनवर ग्रान्टाची कुंडली मांडली.

ही गाडी २०११ च्या शेवटी विक्रीला आली. कालिना नावाच्या आधीच्या मॉडेलच्या सांगाड्यावर, पण स्वस्तात बसवलेली. सुरुवातीची किंमत २,२९,००० रुबल. लाडाच्याच जुन्या चौकोनी झिगुलीची आणि समारा नावाच्या मॉडेलची गिऱ्हाइकं हिच्याकडे वळवायची, हा हेतू. नंतर २०१८ च्या उन्हाळ्यात तोंडवळा बदलला, आणि कालिना हे नाव बंद करून तिची हॅचबॅक आणि स्टेशन वॅगनही ग्रान्टाच्याच नावाने विकायला लागले. आजोबांना तोंडवळ्याचं काही पडलं नव्हतं. त्यांना पिस्टनची काळजी.

ग्रान्टाच्या ज्या इंजिनांत हलके पिस्टन आले, त्यांत टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला की वर आलेले पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळायचे आणि व्हॉल्व्ह वाकायचे. म्हणजे बेल्ट तुटला तर इंजिनाचं हेड उघडायचं, आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट. २०१८ च्या मध्यापासून पिस्टनला खाचा ठेवून बनवायला लागले. बेल्ट तुटला तर गाडी नुसती थांबते, इंजिन वाचतं. रशियात कुठल्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच असतो: ‘वाकवते का?’ मायलेज वगैरे नंतर.

म्हणजे गाडी २०१८ च्या मध्यानंतरचीच हवी, ही एक मर्यादा. दुसरी मर्यादा अलीकडच्या बाजूने. २०२२ च्या वसंतात सुटे भाग येईनासे झाले म्हणून कारखाना बंद पडला होता. जूनमध्ये परत सुरू झाला तो साध्यासुध्या ग्रान्टा क्लासिकने. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही, किंमत ६,७८,३०० रुबल. तसं करता यावं म्हणून सरकारने नियमच तात्पुरते सैल केले होते. पुढे या गोष्टी हळूहळू परत आल्या. पण त्या मधल्या काळातली गाडी मला नको होती. एम-५ हायवेवर ट्रकांच्या रांगेतून जायचं तर निदान एक एअरबॅग हवी. म्हणजे २०१८ चा उत्तरार्ध ते २०२१, एवढ्याच वर्षांतली गाडी शोधायची. इंजिन आठ व्हॉल्व्हचं, ८७ हॉर्सपॉवरचं. सोळा व्हॉल्व्हचं १०६ चं मिळतं, पळतं छान, पण आजोबा म्हणाले, ‘तुला शर्यत लावायचीय की औषधं विकायचीत?’ शिवाय इथला वाहनकर हॉर्सपॉवरवर असतो आणि शंभरच्या आत दर सर्वांत कमी.

जाहिराती बघायला लागले की आठवड्याभरात एक वेगळीच रशियन भाषा येते. ‘ठोकलेली नाही, रंगवलेली नाही’, ‘बसा आणि निघा’, ‘आजोबांची गाडी, फक्त दाच्यावर (गावाबाहेरच्या घरावर) जायची’. यातल्या निम्म्या जाहिराती ‘पेरेकूप’ लोकांच्या असतात. म्हणजे गाड्या स्वस्तात उचलायच्या, पॉलिश मारायचं, किलोमीटर मागे फिरवायचे आणि आपणच मालक म्हणून विकायच्या. त्यांना ओळखायची युक्ती सहकारी बाईंनी शिकवली. फोन करायचा आणि कुठली गाडी ते न सांगता म्हणायचं, ‘तुमच्या गाडीची जाहिरात बघितली.’ खरा मालक सांगायला लागतो, कारण त्याच्याकडे एकच गाडी असते. पेरेकूप विचारतो, ‘कुठली?’ तिथेच फोन ठेवायचा.

गाडी पसंत पडली तरी बघायला जाण्याआधी घरबसल्या बरंच काही तपासता येतं, आणि मला या बाबतीत इथली व्यवस्था खरोखर आवडली. गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे कारखान्यातला ओळख क्रमांक, टाकला की वाहतूक पोलिसांच्या साइटवर आधीच्या नोंदण्या, २०१५ पासूनचे नोंदलेले अपघात, चोरीची तक्रार आणि नोंदणीवरची बंदी फुकट दिसते. गाडी कर्जापोटी गहाण आहे का, ते नोटरींच्या संस्थेच्या नोंदवहीत कळतं. विकणाऱ्याच्या नावावर काही वसुली चालू आहे का, ते कोर्टाच्या बेलिफांच्या साइटवर. वसुली चालू असेल तर आज स्वच्छ दिसणाऱ्या गाडीवर उद्या बंदी येऊ शकते. त्यावर थोडे पैसे भरून एक खासगी अहवाल घ्यायचा, त्यात जुन्या जाहिरातींचे फोटोसुद्धा निघतात. एका पांढऱ्या ग्रान्टाचा अहवाल काढला तर दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तिच्या दारांवर पिवळे पट्टे. टॅक्सी! जाहिरातीत लिहिलं होतं, ‘बायको भाजी आणायला वापरायची.’ इथल्या टॅक्सीत अर्ध्याहून जास्त वेळा मी स्वतः ग्रान्टातच बसलेय, त्या गाड्या दिवसरात्र दोन पाळ्यांत चालतात. ती बाद.

शेवटी जी बघायला गेलो तीही पांढरीच. २०१९ ची सेदान, एक मालक, मीटरवर ५८,००० किलोमीटर. मालक बेझिम्यान्का भागात राहणारा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. आजोबांनी अट घातली होती की इंजिन आम्ही येईपर्यंत सुरू करायचं नाही. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यांनी बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. तेव्हा कुठे हात मिळवला.

पुढचा तासभर मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र त्यांनी खिशातून काढलं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. छतापासून सुरुवात, कारण छताला सहसा धक्का लागत नाही, तिथला आकडा मूळ रंगाचा. शंभर-एकशेदहा मायक्रॉन. मग बॉनेट, मडगार्ड, दारं, दाराच्या चौकटी. प्रत्येक ठिकाणी टेकवायचं, आकडा पुटपुटायचा, पुढे जायचं. मागच्या डाव्या दारावर एकदम दोनशेचाळीस आला. आजोबांनी मालकाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मालकच म्हणाला, पार्किंगमध्ये कुणीतरी ओरखडा काढला होता, रंगवून घेतलं. आजोबांनी मान डोलावली. रंगाचा दुसरा हात दोनशेच्या वर जातो. पुट्टी भरलेली असती तर आकडा त्याच्याही बराच पुढे गेला असता.

नंतर ते गुडघ्यावर बसले आणि मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड बोटाने चाचपत गेले. ग्रान्टा गंजते ती आधी तिथे, मग दाराखालच्या पट्टीत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चाक तो चिखल सतत वर फेकतं. दाराखालच्या पट्टीला पाणी निघून जायला खालून बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली होती. आजोबांनी तारेचा तुकडा काढून एक मोकळं केलं, तर तपकिरी पाण्याची धार लागली. मालकाचा चेहरा पडला. ‘पाणी गेलं हे चांगलंच,’ आजोबा म्हणाले, ‘आत राहिलं असतं तर पुढच्या मालकाने तुझी आठवण काढली असती.’ मग डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात टॉर्च मारून कारखान्याचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत का ते पाहिलं. मागून जोरात ठोकलेल्या गाडीत ते तसे राहत नाहीत. ऑइलचं झाकण उघडून आतून पुसलं. पाण्याच्या टाकीतल्या द्रवाचा रंग बघितला. स्टिअरिंगवरचा टेक्स्चर आणि क्लचच्या पेडलचं रबर कितपत झिजलंय ते अंगठ्याने पाहिलं आणि ५८,००० वर विश्वास ठेवला.

आणि मग डिकीत डोकं घालून मला म्हणाले, ‘बटाट्याची दोन पोती.’ ही इथली जुनी गंमत आहे. मे २०११ मध्ये पुतीन, तेव्हा पंतप्रधान, तोल्यातीत नवी ग्रान्टा चालवायला आले. कॅमेऱ्यांसमोर गाडी काही केल्या लगेच सुरू होईना. नंतर त्यांनी डिकीचं कौतुक केलं, दोन पोती बटाटे मावतील म्हणाले. डिकी ५२० लिटरची आहे, त्यामुळे बटाट्यांबद्दल वाद नाही. सुरू न होण्याबद्दल आजोबांचं म्हणणं, दोष गाडीचा नव्हता. जुन्या झिगुलीच्या सवयीने माणूस सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. या गाडीत पेडल इलेक्ट्रॉनिक, सुरू करताना पाय लावायचाच नाही. तळापर्यंत दाबलं तर पेट्रोल उलट बंद होतं, भिजलेले प्लग सुकवण्यासाठी तशी सोयच ठेवलेली आहे. ‘पाय बाजूला,’ ते मला दोनदा म्हणाले.

सौदा चहा न पिता झाला. रंगवलेल्या दाराचे थोडे पैसे कमी झाले, आणि खरा फायदा म्हणजे लोखंडी रिमवर चढवलेले खिळ्यांचे हिवाळी टायर मालकाने सोबत दिले. ज्याने नोव्हेंबरात हिवाळी टायरची खरेदी केली आहे त्यालाच या देणगीची किंमत कळेल.

कागदपत्रांचा भाग मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. खरेदीचा करार साध्या कागदावर, तीन प्रती, नोटरी लागत नाही. एक प्रत त्याची, एक माझी, एक नोंदणी कार्यालयाची. किंमत खरी लिहायची, यावर आजोबा ठाम होते. तीन वर्षांच्या आत गाडी विकणाऱ्याला कर लागू शकतो म्हणून काहीजण करारात किरकोळ रक्कम लिहायला सांगतात. उद्या करार मोडला तर कोर्ट तेवढीच किरकोळ रक्कम परत मिळवून देतं. आमच्या गाडीला तीन वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे तो विषयच निघाला नाही. पैसे बँकेतून फोनवरून पाठवले. मालकाने करारावर ‘पैसे मिळाले’ असं हाताने लिहून सही केली, मग चाव्या दिल्या. मालकांची नोंद असलेलं गाडीचं मूळ पुस्तक, निळसर रंगाचं, त्यातही दोघांच्या सह्या.

पासपोर्टचा नोटरीने प्रमाणित केलेला रशियन तरजुमा मात्र लागतो. मराठी माणसाच्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी ते सरळ ‘वडिलांच्या नावा’च्या रकान्यात टाकून दिलं आणि पहिल्यांदाच एखाद्या परदेशी व्यक्तीचा तो रकाना भरला म्हणून खूश झाल्या. मीही काही बोलले नाही. नाव बरोबरच होतं.

गाडी घेतल्यापासून दहा दिवसांत नावावर करावी लागते, त्याआधी दोन कामं. एक, विमा. दोन, गाडी चार वर्षांहून जुनी असेल तर मालक बदलताना तांत्रिक तपासणी. एरवी खासगी गाड्यांची ती सक्ती २०२२ पासून गेली, पण नेमकी या प्रसंगी लागते. तपासणीच्या जागी दिवे, ब्रेक, काचा, धूर बघतात, गाडीचा फोटो काढतात आणि तीन वस्तू मागतात: प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडं आणि लाल त्रिकोण. नळकांड्यावरची तारीख उलटून गेलेली होती. तपासणीच्या दारातच एक टपरी, तिथे नेमक्या याच तीन वस्तू. रशियातही धंदा कसा करायचा हे लोकांना समजतं.

नोंदणीसाठी वेळ ऑनलाइन घेता येते. आदल्या दिवशी गाडी धुऊन घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, ते उगाच नाही. तिथला अधिकारी बॉनेट उघडायला लावतो आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर कागदाशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघतो. चिखल असला की परत पाठवतो. माझ्या पुढच्या माणसाला पाठवलंच. माझ्या वेळी अधिकाऱ्याने फडक्याने नंबर पुसला, वाचला, मला एकदा आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, ‘भारतातून येऊन ग्रान्टा? का?’ मी म्हटलं, सुटे भाग मिळतात. तो हसला आणि सही केली. पाट्या जुन्याच राहिल्या. इथे २०१३ पासून नंबर गाडीबरोबर जातो. पाटीवर १६३, म्हणजे समारा प्रांत. गुलाबी रंगाचं नोंदणी कार्ड हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा आधीच्या मालकाचा मेसेज आला होता: झालं का? कारण गाडी नावावर होईपर्यंत कॅमेऱ्याने पकडलेला प्रत्येक दंड त्याच्या घरी जाणार. बिचाऱ्याची घाई समजण्यासारखी होती.

पहिली लांबची फेरी साहजिकच तोल्यातीची, आजोबांना भेटायला. घर अवतोझावोद्स्की भागात, म्हणजे कारखान्याच्या वस्तीत. कारखाना १९६६ चा, पहिली झिगुली निघाली १९७० मध्ये. गावाचं नावच इटालियन कम्युनिस्ट पुढारी तोल्यात्ती यांच्यावरून, आणि गाडीचा साचाही इटलीचाच: फियाट १२४. आजोबांच्या गॅरेजच्या रांगेत खाली तळघर, तळघरात बटाटे आणि बरण्या, वर त्यांची जुनी ‘कोपेइका’, म्हणजे ती पहिली झिगुली, ताडपत्रीखाली. ताडपत्री उचलली आणि मी दाराशीच थांबले. हा चेहरा मी लहानपणी रोज पाहिलाय. माझा मामा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होता आणि पुढे त्याने ११८ एनई घेतली होती. तीही फियाट १२४ च्याच सांगाड्यावरची, फक्त इंजिन निस्सानचं. दार, खिडकीची चौकट, छताची ती सरळ रेष, सगळं ओळखीचं. मी फोनवर मामाच्या गाडीचा फोटो शोधून दाखवला. आजोबांनी चष्मा वर करून बघितला आणि निस्सानचं इंजिन हे ऐकल्यावर ‘हे बरं केलं’ एवढंच म्हणाले. मग बराच वेळ मला त्या कोपेइकाचे दरवाजे कसे बसवायचे ते हातांनी हवेत दाखवत राहिले, हे इथे धरायचं, गुडघ्याने असं ढकलायचं, आणि हातोडा कुठे मारायचा. हातोडा लागायचाच, म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी खालून गंजरोधकाने माखून घेतली. दाराखालच्या पोकळीत पातळ तेलकट द्रव फवारतात आणि कमानींना ‘तोफेची चरबी’ नावाचं दाट ग्रीस फासतात; तोफा साठवून ठेवताना वापरायचे ते हेच, म्हणून हे नाव. पुढे आठवडाभर गाडीला वास येत राहिला.

टायर बदलायची घाई सगळ्या शहराला एकाच दिवशी होते. कायद्याने हिवाळी टायर डिसेंबर ते फेब्रुवारी सक्तीचे, पण इथे बर्फ नोव्हेंबरातच धरतो. पहिला घसरडा दिवस उजाडला की चौकाचौकांत एकमेकांना टेकलेल्या गाड्या उभ्या असतात. लोक त्याला ‘पत्रेवाल्यांचा दिवस’ म्हणतात. मी तो दिवस घरी बसून काढला.

थंडीत ग्रान्टाची खरी परीक्षा, असं सगळे म्हणतात. मला उलट वाटलं: या गाडीतली सर्वांत मनापासून केलेली गोष्ट म्हणजे हीटर. उणे पंचवीसमध्येही थोड्याच वेळात कोट काढून ठेवावा लागतो. बाकी आतला कारभार काटकसरीचा, प्लास्टिक कडक, खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डातून कुठूनतरी कुरकुर येते आणि ताशी शंभरच्या पुढे गप्पा मारायच्या तर आवाज चढवावा लागतो. पण जमिनीपासून १८० मिलिमीटर उंच, त्यामुळे अंगणातल्या बर्फाच्या ढिगाऱ्यावरून सेदान असूनही निघून जाते. सकाळी सुरू करण्याआधी दिवे क्षणभर लावायचे म्हणजे बॅटरी जागी होते, क्लच दाबून धरायचा, आणि उजवा पाय बाजूला.

जानेवारीत एकदा गाडी हायवेवर गरम होईना. इंजिनाचं तापमान नव्वदवर चढण्याऐवजी सत्तरच्या आसपास लोळत राहिलं आणि तो हीटरही कोमट झाला. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. आमच्या बिल्डिंगच्या मागे गॅरेजांची रांग आहे, तिथल्या एका शेजाऱ्याने बॉनेटवर हात ठेवून, पाइप चाचपून दोन मिनिटांत निदान केलं. भाग कोपऱ्यावरच्या दुकानात होता. इथे ग्रान्टाचा सुटा भाग मागणं म्हणजे आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात रिफिल मागण्यासारखं आहे; दुकानदार फक्त ‘कुठली, आठ की सोळा?’ एवढं विचारतो. हजार रुबलच्या आसपास किंमत. त्याच सुमारास ऑफिसातले एकजण त्यांच्या कोरियन गाडीच्या एका सेन्सरची तीन आठवडे वाट बघत टॅक्सीने येत होते. टॅक्सी अर्थातच ग्रान्टा.

स्वस्त गाडी म्हणून मी ही घेतली, पण किमतीपुरतं बोलायचं तर चार वर्षांच्या गाडीला सहा लाख ही काही स्वस्ताई नव्हे. पैसे वाचतात ते नंतर. ज्या रस्त्यावर गाडी बंद पडेल त्या रस्त्यावर ती उघडता येणारा माणूस असतो, आणि तो शिव्या देत का होईना, नीट करतो.

वसंतात बर्फ वितळल्यावर बेल्ट बदलून घेतला, सोबत पाण्याचा पंपही, कारण तो त्याच बेल्टवर फिरतो आणि जाम झाला तर बेल्टला घेऊन जातो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत बेल्टचं आयुष्य याहून बरंच जास्त दिलंय. शिवाय माझ्या इंजिनात व्हॉल्व्ह वाकत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक. तरी आजोबांनी फोन करून विचारलं तेव्हा ‘बदलला’ असं सांगता आलं, आणि त्यांनी लगेच पुढचं काढलं: मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून बघितलेस का? उघडले नव्हते. शनिवारी ये, म्हणाले, इथेच उघडू.